बाळाच्या ऑपरेशनबद्दल आई-बाबांना

लॉस बान्योस, लगुना
फिलिपिन्स

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलता बोलता माझा आवाज चढला आणि मग तुम्ही दोघंही गप्प झालात. रात्रभर ते मनात राहिलं. फोनवर नीट बोलताच येत नाही. दादा शेजारी उभा असतो, वहिनी आतल्या खोलीत ऐकत असते, आणि आई, तुझं निम्मं लक्ष "पडवीत माणसं आहेत, हळू बोल" यातच जातं. म्हणून पत्र लिहितेय. चष्मा लावून, दार लोटून निवांत वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की दादाच्या बाळाच्या औषधाची एक वेळही चुकवू नका आणि ऑपरेशन एवढ्यात करू नका.

बाराव्या दिवशी बाळ उलट्या करायला लागलं, दूध ओढेना, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं दृष्ट लागली. आई, तू मीठ-मोहऱ्या ओवाळल्यास. तुझी माया मला कळते. पण बाळाच्या अंगातलंच मीठ लघवीवाटे चाललं होतं, हे तेव्हा कुणाला माहीत असणार? मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. बाळाच्या त्या ग्रंथींना कॉर्टिसोल आणि मीठ धरून ठेवणारा रस पुरेसा बनवता येत नाही. त्याऐवजी पुरुषी संप्रेरकं जास्त बनतात, आणि तेही पोटात असल्यापासून. म्हणून बाळाचं अंग जन्मतः मुलीचं म्हणावं की मुलाचं, हे सुईणीलाही सांगता आलं नाही. डॉक्टर याला सीएएच (कन्जेनायटल अॅड्रिनल हायपरप्लेजिया) म्हणतात. दादाने वेळ न दवडता त्या रात्री गाडी काढली म्हणून लेकरू वाचलं.

इथे फिलिपिन्समध्ये बाळ जन्मल्यावर एका दिवसाने त्याच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतात. १९९६मध्ये मनिलाच्या काही रुग्णालयांत हे सुरू झालं आणि २००४मध्ये त्याचा कायदा झाला. सुरुवातीला ज्या पाच आजारांसाठी ही तपासणी होती, त्यांतला एक हाच. हे कळलं तेव्हा मी ऑफिसातून उठून बाहेर झाडाखाली जाऊन बसले. टाचेवरचे ते चार थेंब आपल्याकडे कुणी घेतले असते, तर वहिनीचे ते तीन दिवस वाचले असते.

आणि आई, वहिनीला काही बोलू नकोस. ग्रहणात विळी हातात घेतली होती, हे तू दोनदा म्हणालीस. हा दोष आई आणि बाप दोघांकडून एकेक असा मिळावा लागतो. म्हणजे दादाकडूनही आला, आणि दादाकडे तो तुमच्या दोघांपैकी कुणाकडून तरी आला असणार. कितीतरी धडधाकट माणसं तो अंगात घेऊन फिरतात, त्यांना पत्ताही नसतो. दोघांकडे तो असला, की दर खेपेला चारात एक अशी शक्यता असते. ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही.

आता ऑपरेशनचं. तिथले सर्जन म्हणाले, जननेंद्रियाचं ऑपरेशन सहा महिन्यांच्या आत करून टाकू, मोठं झाल्यावर काही आठवणार नाही, लोकांनाही कळणार नाही. बाबा, तुम्हाला ते पटलं, कारण तुम्हाला बाळाची काळजी आहे. पण लघवीची वाट मोकळी आहे, जंतुसंसर्ग नाही, हे त्याच डॉक्टरांनी सांगितलंय. मग घाई कशाची? दिसायला बरं दिसावं म्हणून कापलेलं परत जोडता येत नाही. तिथली संवेदना जाऊ शकते, व्रण आखडतात, पुन्हा पुन्हा टेबलावर जावं लागतं. मोठं झाल्यावर ते लेकरू "मी मुलगा आहे" म्हणालं तर? किंवा "मी मुलगीच आहे, पण मला विचारलं का नाही?" म्हणालं तर? आई, तुला हे लिहिताना मला अवघड होतंय, पण न लिहून चालणार नाही.

मी हे कुठून शिकले, ते सांगते. आमच्या संस्थेच्या शेतांपासून पुढे मोठं सरोवर आहे, लगुना दे बाय. त्याच्या पलीकडच्या काठाला सिनिलोआन नावाचं गाव आहे. तिथल्या न्यायालयात २००३च्या डिसेंबरात जेफ कागांदाहान यांनी अर्ज केला. १९८१चा जन्म, जन्मदाखल्यावर नाव जेनिफर, लिंग स्त्री. त्यांना आपल्या बाळासारखाच सीएएच. वाढत्या वयात पाळी आली नाही, छाती भरली नाही, शरीर पुरुषासारखं होत गेलं आणि मनानेही ते पुरुषच होते. मनिलाच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी साक्ष दिली. २००५मध्ये खालच्या न्यायालयाने दाखला बदलायची परवानगी दिली, तर सरकार वर अपिलात गेलं. १२ सप्टेंबर २००८ला सर्वोच्च न्यायालयाने जेफ यांच्या बाजूने निकाल दिला.

निकालातला एक भाग मी वहीत उतरवून घेतलाय. न्यायमूर्ती किसुम्बिंग म्हणतात त्याचा अर्थ असा : जन्मतःच ज्याचं शरीर दोन्हींच्या मधलं आहे, त्याच्या बाबतीत तो सज्ञान झाल्यावर स्वतःला सकारण काय मानतो, ते निर्णायक. त्या शरीरात त्यालाच राहायचं आहे, म्हणून त्याचं पुढे काय करायचं हे आधी त्यानेच ठरवायचं. बाबा, तुम्ही पंचायतीत पंधरा वर्षं निवाडे केलेत. यातलं एक वाक्य तरी तुम्हाला गैर वाटतं का, सांगा.

एक गोष्ट मात्र त्यातून उचलू नका. जेफ यांनी आयुष्यभर औषधं घ्यायचं टाळलं, हेही त्या निकालात आहे. आपल्या बाळाला तसं चालणार नाही. त्याचं मीठ जातं. गोळी चुकली तर जीवावर बेतू शकतं. औषध आणि ऑपरेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जेफ यांच्या निकालाच्या आदल्याच वर्षी, २००७मध्ये, त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका व्यक्तीचा दाखला बदलायचा अर्ज फेटाळला होता. ती पुरुष म्हणून जन्मलेली, पण स्त्री म्हणून जगणारी, शस्त्रक्रिया करून घेतलेली. त्या निकालाच्या सुरुवातीला बायबल आहे आणि इथली एक जुनी लोककथा आहे. बांबूच्या पेरातून आवाज येतो, पक्षी चोच मारतो, बांबू फुटतो आणि आतून दोघं बाहेर येतात, एक पुरुष आणि एक स्त्री. गोष्ट सुंदर आहे. पण त्या बांबूतून तिसरं कुणी बाहेर आलं असेल, तर त्याचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. जेफ यांना जे मिळालं ते "निसर्गानेच तुला असं केलं" म्हणून मिळालं, आणि त्या बाईंना "निसर्गात तू ढवळाढवळ केलीस" म्हणून नाकारलं गेलं. मला हा भेद पटत नाही. इथले इंटरसेक्स, म्हणजे जन्मतःच दोन्हींच्या मधलं शरीर असलेले, कार्यकर्तेही तृतीयपंथी माणसांच्या शेजारी उभे राहतात, आणि तरी "आमची गोष्ट वेगळी आहे, एकाच टोपलीत टाकू नका" हेही ठणकावून सांगतात. आपल्याकडेही तोच गोंधळ. गावात कुणाला कळलं तर बाळाला काय शब्द लावतील, याचीच तुम्हाला धास्ती आहे ना? बाळ हिजडा नाही आणि शापितही नाही. पण हिजड्यांना माणूस न समजणारं गाव बाळालाही समजणार नाही, हेही तितकंच खरं.

माझ्या घरमालकीणबाईंना मी आते म्हणते. इथे मोठ्या बहिणीला आते म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली आतेच आठवली. आता मी स्वतःच कुणाची तरी आत्या झाले. ही आते मला इंटरसेक्स माणसांच्या एका बैठकीला घेऊन गेली. एका घराच्या पडवीत पंधरावीस माणसं, मोठ्या पातेल्यात लुगाव. लुगाव म्हणजे आपली पेजच, आलं घालून केलेली. कुणी भाषण केलं नाही, एकेक जण आपली गोष्ट सांगत होता. चाळिशीच्या एका व्यक्तीने सांगितलं, की शाळेत प्रार्थनेनंतर मुलांची एक आणि मुलींची एक अशा दोन रांगा लागायच्या. ती व्यक्ती खाली बसून बुटाची नाडी सोडायची आणि पुन्हा बांधायची. दोन्ही रांगा वर्गात जाईपर्यंत तेच. मग एकटी मागून धावत जायची. सहा वर्षं. सांगताना बोटं तशीच हलत होती, गाठ मारल्यासारखी. शेजारी तिची म्हातारी आई बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आनाक को सिया." माझं मूल आहे ते.

आनाक म्हणजे मूल, मुलगा की मुलगी ते शब्दात येतच नाही. सिया म्हणजे तो, ती, काहीही. कापातिद म्हणजे भावंड. आपल्या भाषेत "मी आलो", "मी आले" म्हणताना दर वाक्याला कबुली द्यावी लागते. पण मग मला आठवलं, आपल्याकडेही ते बाळ, ते मूल, ते लेकरू आहेच की. आई, फोनवर तू नकळत तेच म्हणतेस, "ते आता हसतंय." तसंच म्हणत राहा. जन्मनोंदीला आणि शाळेला काय लिहायचं, ते दादा-वहिनींनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. मुलगी म्हणून वाढवलंत तरी हरकत नाही, बहुतेक डॉक्टर अशा बाळाला तेच सुचवतात. फक्त उद्या ते वेगळं काही म्हणालं, तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा. त्यासाठी आज सुरी लावायची गरज नाही.

इथे सगळं आलबेल आहे, असं समजू नका. भेदभावाविरुद्धचा कायदा करावा म्हणून पहिला मसुदा २०००मध्ये आला. २०१७मध्ये खालच्या सभागृहात तो एकमुखाने मंजूर झाला आणि सिनेटमध्ये अडकला. नव्या मसुद्यांत जन्मजात लिंगवैशिष्ट्यांचाही उल्लेख घातला, पण कायदा अजून झालेला नाही. बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियांना बंदी इथेही नाही. नॅन्सी नवाल्टा नावाची एक मुलगी १९९३च्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत सुसाट पळाली, तर देशभर चर्चा कशाची, तर ती खरंच मुलगी आहे का याची. आपल्या धावपटू शांती सुंदरराजनचं २००६मध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेतलं पदक लिंगचाचणीनंतर काढून घेतलं तेव्हा बाबा, तुम्ही टीव्ही बंद केला होता. "पोरीची अब्रू चव्हाट्यावर मांडली" म्हणाला होतात. मला ते अजून आठवतं.

आपल्या देशातही कुणी गप्प बसलेलं नाही. एप्रिल २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने, लग्नाच्या नोंदणीच्या एका खटल्यात, अशा बाळांवर केवळ त्यांना मुलगा किंवा मुलगी "बनवण्यासाठी" शस्त्रक्रिया करू नयेत असं सांगितलं, आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने तसा आदेश काढला. जीव धोक्यात असेल तरच करायची. तो आदेश तमिळनाडूपुरता आहे. कर्जतच्या घरात तो आदेश बाबा, तुम्हीच द्यायचा. दादा तुमच्या शब्दाबाहेर नाही.

आता एक जुनं विचारते, रागावू नका. आक्काआजी. तुमची आत्या. तिचं लग्न झालं नाही, ती कधी बाहेरची बसली नाही, आवाज जाड होता, नांगर धरायची, आणि सगळे "ती तशीच" म्हणून विषय संपवायचे. मी सात वर्षांची असताना पहाटे गोठ्यामागे गेले होते. कंदील खाली ठेवलेला, कुडाच्या खुंटीला फुटका आरसा लावलेला, आणि आक्काआजी पितळी वाटीत पाणी घेऊन दाढी करत होती. मला बघून तिने पदर तोंडावर ओढला. मी काही बोलले नाही, तीही नाही. पुढे ती वारल्यावर तो आरसा मला माळ्यावर सापडला, तर आई, तू तो घाईघाईने ओढ्यात टाकून आलीस. तिला काय होतं हे मला आज तरी कसं सांगता येणार? पण ऐंशी वर्षं ती त्या घरात राहिली आणि तिला स्वतःबद्दल एक वाक्य बोलायची सोय नव्हती. आपल्या बाळाने पहाटे उठून लपून काही करावं, असं मला नको आहे. त्याला कळायला लागल्यापासून, समजेल तेवढं, घरातल्याच माणसाने सांगावं. चार वर्षांचं असताना गोळी का घ्यायची ते सांगा, दहाव्या वर्षी आणखी थोडं. बाहेरच्या कुणाकडून त्याला कळता कामा नये.

दादासाठी तीन गोष्टी, त्याला वाचून दाखवा. गोळीच्या वेळा भिंतीवर लिहा आणि घरातल्या दोन माणसांना तरी ती कशी कुटून द्यायची ते नीट येऊ दे. ताप आला की डोस वाढवावा लागतो, किती ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि उलटीबरोबर गोळी पडायला लागली तर इंजेक्शनसाठी रात्र असो की पाऊस, थांबायचं नाही. सर्जनची पुढची तारीख आहे, तेव्हा हार्मोनच्या डॉक्टरांना आधी भेटा आणि "थांबलं तर नुकसान काय?" एवढं विचारा. ते काय म्हणतात ते मला शब्दशः कळवा.

बारशाला मी येतेय, रजा मंजूर झाली आहे. वहिनीसाठी इथलं सुती कापड घेतलंय. तोपर्यंत बाबा, एक काम करा. आक्काआजीबद्दल तुम्हाला जे जे आठवतं, ती काय खायची, कोणती गाणी म्हणायची, तुम्हाला पोहायला कुणी शिकवलं, ते सगळं एका वहीत लिहून ठेवा. आणि आई, आरशाचं तू लिही.

तुमची लेक,
बाय