मापाच्या वहीतलं माझं पान

ताई, सप्रेम नमस्कार.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेले की तुम्ही शिलाईचं मशीन सुरू करता आणि ‘अहो वहिनी, त्यात काय एवढं’ म्हणून विषय संपवता. दोनदा असं झालं. म्हणून लिहूनच काढते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण वजनाचं ऑपरेशन करून रोज सकाळी काट्यापुढे जीव मुठीत धरून उभी राहणारी माझ्यासारखी माणसं आणखीही असणार.

जानेवारी 2024 मधली ती दुपार तुमच्या लक्षात आहे का, ठाऊक नाही. भाचीच्या लग्नाला महिना राहिला होता. मोरपिशी साडीचा ब्लाऊजपीस तुमच्यापुढे ठेवला आणि मी म्हणाले, ‘दिवाळीच्याच मापानं शिवा. माझं वजन काही हलत नाही.’ तुम्ही काही बोलला नाहीत. गळ्यातली टेप काढलीत, उठलात आणि म्हणालात, ‘हात वर करा.’

तोवर माझं काय चाललं होतं ते तुम्हाला मी कधीच सांगितलं नव्हतं. ऑपरेशन जून 2023 मध्ये झालं, स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी मागे ठेवतात. माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन 112 किलो. नऊ वर्षांचा मधुमेह, थायरॉईडची गोळी, आणि गुडघे असे की तुमच्या दुकानाच्या तीन पायऱ्या मी दाराची चौकट धरून चढत असे.

पहिल्या महिन्यात साडेआठ किलो गेले. त्यातही तिसऱ्या आठवड्यापासून अकरा दिवस काटा जागचा हलला नाही. घाबरून सर्जनना फोन केला, तेव्हा त्यांनी नीट समजावलं होतं. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं, आणि त्या साठ्याच्या एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही धरून ठेवतं. पोटात काही जात नाही तेव्हा हा साठा आधी रिकामा होतो, पाणी निघून जातं आणि वजन भराभर उतरतं. पुढे साठा थोडा भरला की पाणी परत येतं. चरबी जातच असते, पण काट्यावर दिसत नाही. हे कळल्यावर ते अकरा दिवस निभावले.

पण पाच महिन्यांनंतर जे थांबलं त्यानं मी खचले. दिवाळीच्या आठवड्यात 94.2, संक्रांतीला 93.8. नऊ आठवडे आणि चारशे ग्रॅम. माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेली एक तिशीतली मुलगी तोवर 35 किलो उतरली होती. तिला मधुमेह नव्हता, पाळी जाण्याचं वय नव्हतं, आणि सुरुवातीचं वजनही माझ्यापेक्षा बरंच जास्त होतं. मधुमेह असलेल्यांचं वजन बऱ्याचदा हळू उतरतं हे मला आज माहीत आहे. तेव्हा फक्त तिचा फोटो दिसायचा आणि माझा आकडा. घरचे काही बोलत नव्हते, पण बाहेरचे बोलायचे. ‘एवढा खर्च करून एवढंच?’ हे मी तीन वेगवेगळ्या लग्नांत तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. जिथे तपासणीला जात होते तिथे एका कर्मचाऱ्यानं काटा बघून भरल्या बाकांसमोर विचारलं, ‘बाहेरचं खायला लागलात ना?’ मी बाहेरचं खात नव्हते. त्या दिवसापासून मी तपासणीला जाणं सोडलं. काट्यावर मात्र दिवसातून चार वेळा उभी राहायचे.

तर तुम्ही माप घेतलंत. मग ती लाल कापडी पाठीची लांब वही काढलीत, माझं पान उघडलंत आणि कपाळाला आठ्या घालून परत टेप लावलीत. दंड, कंबर, छाती, पुन्हा दंड. मला वाटलं, वाढलंय. पोटात गोळा आला. तुम्ही वही माझ्याकडे फिरवलीत. 2022 च्या दिवाळीचं माप: छाती 49, कंबर साडेसत्तेचाळीस, दंड 19. त्याखाली दोन महिन्यांपूर्वीचं: 44, 42, 17. आणि त्याखाली पेन्सिलीनं आत्ताच लिहिलेलं: 43, 40, 16.

‘काटा हलत नाही म्हणता, मग हे दोन इंच गेले कुठे?’ तुम्ही म्हणालात. ‘माझी टेप खोटं बोलत नाही, वहिनी.’

मी रडले, हे तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही मला स्टुलावर बसवलंत, दार लोटून घेतलंत, आणि 2019 च्या पुराची गोष्ट सांगितलीत. आपल्या सांगलीत ते दिवस कोण विसरेल? आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. जो तो एकच विचारत होता, किती फूट? गावभागातल्या तुमच्या या दुकानात पाणी कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत चढलेलं. तुम्ही म्हणालात, ‘चढताना बघता बघता चढलं. उतरताना जीव खाल्ला. रेडिओवर पातळी तीच ती सांगायचे. मी समोरच्या वाड्याच्या जिन्यावर उभी राहून भिंतीवर खडूनं रेघ मारायची. सकाळची रेघ, संध्याकाळची रेघ. पुलावर फूट कमी झालेला नसायचा, पण माझ्या रेघेखाली बोटभर भिंत ओली दिसायची. त्या ओल्या भिंतीवर मी ते दिवस काढले.’

दुकानात तो डाग आजही आहे, रंगाच्या दोन हातांखालून दिसणारा. इतकी वर्षं तुमच्याकडे येते, त्या दिवशी पहिल्यांदा मी तो नीट पाहिला.

पण ताई, तुमचे आभार फक्त धीर दिलात म्हणून नाहीत. तुम्ही ब्लाऊजपीस झटकलात आणि त्यावरून माझे केस उचललेत. एक-दोन नाही, गुंतवळच. ‘शेवटचं डॉक्टरकडे कधी गेला होता?’ मी टाळाटाळ केली. तुम्ही टेप गुंडाळून ठेवलीत आणि म्हणालात, ‘रिपोर्ट दाखवा, मग शिवते. तोवर कात्री लावत नाही.’ लग्न महिन्यावर होतं. तुम्ही खरंच कात्री लावली नाहीत.

मी गेले. दुसऱ्या दवाखान्यात गेले, पण गेले. बी-12 तळाला, लोहही कमी, थायरॉईडचा डोस बदलायची वेळ होऊन गेलेली. या ऑपरेशननंतर बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे कायम बघत राहावं लागतं. मी लाजेपायी गोळ्यांची पाकिटंसुद्धा आणली नव्हती. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला ओरडल्याविना तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं. दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं हवीत, माझी पस्तीससुद्धा होत नव्हती. वजन हलत नाही म्हणून मी जेवण आणखी तोडलं होतं, आणि जे पोटात सहज उतरतं तेवढंच खात होते: चहात बुडवलेली खारी, मऊ भात, मुरमुऱ्याचा चिवडा. पोळी-भाजीनं छोटं पोट लगेच भरतं, अंड्यानं भरतं. खारी मात्र विरघळून सरकून जाते, पोट भरल्याचं कळतच नाही आणि वाटतं आपण काही खाल्लंच नाही. हे कुणी आधी सांगितलंही असेल. मी तेव्हा ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते.

मग ताटात आधी प्रथिनं आली. दोन अंडी, पनीर, मुगाचं धिरडं, दुपारी मटकीची उसळ चार चमचे, आणि त्यानंतरच जागा उरली तर भाकरीचा तुकडा. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासानं. रोज चालत होतेच, त्याला रबरी पट्टा ओढायचा व्यायाम जोडला, कारण नुसतं वजन उतरताना स्नायूही झिजतात. रिपोर्ट दाखवल्यावर तुम्ही चष्मा लावून ते सगळं वाचलंत आणि मगच कात्री उचललीत.

वजन त्यानंतरही झपाट्यानं गेलं नाही. तसं लिहिलं तर ते खोटं होईल. जून 2024 मध्ये 86. आज, दोन वर्षं होऊन गेल्यावर, 81. मध्ये आणखी दोनदा काटा महिना महिना थांबला. पण काटा आता मी आठवड्यातून एकदाच काढते, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुमच्याकडे येते. तुम्ही माप घेता, पेन्सिलीनं लिहिता, चहा विचारता, मी बिनसाखरेचा म्हणते. या मापांचे पैसे तुम्ही एकदाही घेतले नाहीत. ज्या महिन्यात पाव इंचही कमी नव्हतं त्या महिन्यात तुम्ही तोच आकडा पुन्हा तितक्याच नीट अक्षरात लिहिलात आणि काही बोलला नाहीत. त्याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही. त्या आधीच्या सहा महिन्यांत प्रत्येक आकड्यावर कुणी ना कुणी काहीतरी बोललंच होतं.

आणि तो मोरपिशी ब्लाऊज. ‘नवे शिवत बसू नका, हाच आत घेत जाऊ,’ तुम्ही म्हणाला होतात. चार वेळा आत घेतलात. काल उलटा करून उजेडात धरला. काखेपासून कमरेपर्यंत जुन्या टिपा उसवलेल्या जागी सुईची भोकं दिसतात, एकाशेजारी एक अशा चार ओळी, मधलं अंतर कुठे अर्धा इंच, कुठे दोन दोऱ्यांएवढंच. चौथ्या ओळीच्या आत आजची टीप. मुलीनं विचारलं, हा टाकून का देत नाहीस? मी तिला त्या ओळी मोजायला लावल्या.

इन्सुलिन बंद झालंय, साखरेच्या दोन गोळ्यांची एक झाली आहे. तुमच्या तीन पायऱ्या मी आता हातात पिशवी घेऊन चढते. हे तुम्ही पाहिलेलं आहेच, मशीनवरून मान वर न करता.

गौरी-गणपतीची तुमची घाई मला माहीत आहे, म्हणून या पहिल्या शनिवारी येत नाही. गौरी गेल्या की येते. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात की माझं पान भरलं आणि वहीही संपत आली. नवी वही मी आणते आहे, तशीच लांब, लाल कापडी पाठीची. तिचे पैसे विचारायचे नाहीत.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची वहिनी