नळजोडणीला थेट बूस्टर पंप बसवण्याच्या प्रस्तावाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, भांडुप (पश्चिम), मुंबई

विषय : रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेतील बूस्टर पंपाचा प्रस्ताव मागे घेण्याबाबत

महोदय,

सी विंगच्या वरच्या मजल्यांना सकाळचे पाणी पुरत नाही ही तक्रार खरी आहे आणि समितीला त्यावर पावसाळ्यापूर्वी तोडगा काढायचा आहे, याबद्दल आभार. मात्र त्यासाठी महापालिकेच्या नळजोडणीला थेट बूस्टर पंप लावण्याचा जो प्रस्ताव विषयपत्रिकेत आला आहे, त्याला माझा लेखी विरोध नोंदवून घ्यावा.

मुंबईला ७ जलाशयांतून रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते, पण बहुतेक भागांत ते दिवसातून काही तासच सोडले जाते. पाणी बंद झाले की जलवाहिनीतला दाब उतरतो आणि जुन्या, झिजलेल्या सांध्यांतून बाहेरचे सांडपाणी आत शिरू शकते. पाणी चालू असताना दाबामुळे गळती आतून बाहेर होते, हेच काय ते संरक्षण असते. बूस्टर पंप पाणी खेचून नेमका हा दाबच उतरवतो, म्हणजे ऐन पुरवठ्याच्या वेळी सांध्याबाहेरची घाण ओढून आपल्या टाकीत आणण्याची सोय आपण पैसे देऊन करणार आहोत. गेटसमोर रस्ता खोदला होता तेव्हा जलवाहिनी आणि मलवाहिनी एकमेकींना किती खेटून जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शिवाय असा पंप नियमबाह्य आहे; तो जप्त होऊ शकतो आणि जोडणीही तोडली जाऊ शकते. विषयपत्रिकेत याचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते. मागच्या चाळीत ना सक्शन टँक (नळाचे पाणी आधी साठवणारी खालची टाकी) आहे ना पंप. आपण खेचलेले पाणी त्यांच्याच नळाचे असेल, हेही सभेपुढे यायला हवे.

मुळात आपल्याला पाणी कमी मिळते की मिळालेले वाया जाते, हे कोणी मोजलेलेच नाही. आपल्या ७२ सदनिकांमध्ये प्रत्येकी ५ माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले, तर दिवसाला ४८,६०० लिटर पाणी लागते. पाणी सुटण्यापूर्वी आणि बंद झाल्यावर मीटरचे आकडे आठवडाभर लिहून ठेवले, तर तेवढे पाणी आत येते की नाही हे कळेल. येत असेल, तर दोष आपल्याच आवारात आहे आणि रस्त्यावरच्या वाहिनीला कितीही पंप लावले तरी तो जाणार नाही. सी विंगच्या गच्चीवरील टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी थांबवणारी झडप) नीट बंद होत नसल्याने ओव्हरफ्लोच्या पाइपातून पहाटे पाण्याची धार लागते, हे खालच्या मजल्यांवरील सभासदांनी वारंवार कळवले आहे. ड्रेनेज चेंबरलगतच्या सक्शन टँकच्या भिंतीला गेलेला तडा तर त्याहून गंभीर आहे, कारण तिथून पाणी बाहेर जाते आणि टाकी रिकामी असताना चेंबरमधले आत झिरपण्याची भीती राहते.

आकडे कमी आले, तर रस्त्यावरच्या वाहिनीपासून मीटरपर्यंतची सर्व्हिस लाइन तपासून घ्यावी. जुन्या लोखंडी पाइपात गंज साचून आतला मार्ग अरुंद होतो, आणि अशी लाइन बदलणे परवानाधारक प्लंबरकडून रीतसर अर्ज करून करता येते. त्यानंतरही दाब अपुरा राहिला, तर वॉर्डातील पाणी खात्याकडे या नोंदींसह लेखी तक्रार देता येईल.

तेव्हा पंपाऐवजी सक्शन टँकची दुरुस्ती व फ्लोट व्हॉल्व्ह बदलणे हा विषय सभेपुढे ठेवावा आणि तडा बुजवून टाकी धुतल्यावर पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. मीटरच्या नोंदी सचिवांसोबत घेण्यास मी तयार आहे. समितीचा निर्णय सभेपूर्वी सूचना फलकावर लावावा, ही विनंती.

आपला,
सभासद, सदनिका क्र. ६०२, बी विंग