काकूंची वाघोली आणि आपला दर

कोथरूड, रविवार

प्रिय मंजे,

इतके दिवस पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर नंतर घाल, आधी ऐक. काकूंनी कर्वेनगरचा फ्लॅट विकला आणि मुलाजवळ वाघोलीला राहायला गेल्या. दिवाळीत सगळे मिळून गावाला जाणार, त्यांची मांजर चिंगी घरी, आणि तिला घरी जाऊन सांभाळायचं काम नेहमीसारखं माझं. तिला आता मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन. फोनवर म्हणतात, "भाव तोच ना गं? तू काय, घरचीच." वर डिंकाच्या लाडवांचं आमिष. त्या लाडवांपुढे 'नाही' म्हणणं काय असतं हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच.

आता हिशेब बघ. कर्वेनगर तीन किलोमीटर होतं. पाऊण तासाची व्हिजिट 400 रुपये, येण्याजाण्याची पंचवीस मिनिटं, गाडीचा खर्च तीसेक. हातात 370. वाघोली एका बाजूला 20 किलोमीटर आणि तासभर. त्याच 400 मध्ये दिवसाला दोन व्हिजिट म्हणजे 80 किलोमीटर, साडेपाच तास, आणि गाडीचे वजा जाता उरतात 400. तासाला सत्तरेक रुपये. त्यापेक्षा काकूंकडे पोळ्या लाटायला जाईन.

गाडीचे 5 रुपये किलोमीटर मी कुठून काढले, असं तू विचारणारच. पेट्रोल 104 च्या आसपास धर. अॅक्टिवा शहरात 40-42 देते, म्हणजे अडीच रुपये. सर्व्हिसिंग, टायर, बेल्ट, ब्रेक शू, बॅटरी आणि विमा मिळून एक. गाडी 95 हजारांची घेऊन 60 हजार किलोमीटरनंतर 35 हजारांना गेली, तर घसाऱ्याचा आणखी एक. झाले साडेचार, म्हणून 5. सगळे फक्त पेट्रोल मोजतात आणि बेल्ट तुटला की पदरमोड करतात.

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचीस, "किलोमीटरला 10 रुपये लाव आणि मोकळी हो." मी तेव्हाही भांडले होते, आजही भांडते. इथून वाकड 13 किलोमीटर, बायपासने अर्धा तास. विमाननगर 14 किलोमीटर, पण गावातून पन्नास मिनिटं. तुझ्या दराने दोघांत वीस रुपयांचा फरक पडतो. म्हणून किलोमीटर आणि मिनिटं दोन्ही मोजायची. रिक्षाच्या मीटरमध्ये पहिला दीड किलोमीटर मूळ भाड्यातच असतो, तसे आपल्या 400 मध्ये एका बाजूचे पहिले 4 किलोमीटर आणि 12 मिनिटं धरायची. त्यापुढे किलोमीटरला 5 आणि मिनिटाला अडीच, जातानाचे आणि येतानाचेही. परतीचं मोजायचं बऱ्याच जणी विसरतात. या हिशेबाने वाकडला वरचे 180 होतात, विमाननगरला 290 आणि वाघोलीला 400. म्हणजे वाघोलीची एक व्हिजिट 800.

मिनिटं मात्र रविवारी दुपारी मॅप उघडून बघायची नाहीत. मॅपमध्ये निघायची वेळ शुक्रवार संध्याकाळी सहाची टाक आणि नगर रस्त्याचा रंग बघ! शिवाय गेटपासून दारापर्यंतची आठ-दहा मिनिटं वेगळी. पाहुण्यांची दुचाकी बाहेर लावा, रजिस्टर भरा, लिफ्टची वाट बघा. काकूंच्या मुलाला मायगेटवर, म्हणजे सोसायटीच्या गेटच्या अॅपवर, पूर्ण आठवड्याची परवानगी आधीच टाकायला सांगायची, नाहीतर दर वेळी गावाला फोन. मेट्रोचाही विचार केला, पण वनाज ते रामवाडी 30 रुपयांत झालं तरी पुढे वाघोलीपर्यंत रिक्षाच.

पण खरी डोकेदुखी इन्सुलिनची आहे. साधी धडधाकट मांजर असती तर दिवसाला एकच लांब व्हिजिट सांगून एक हेलपाटा वाचवला असता. इथे बारा तासांचं अंतर सांभाळायचं, आधी खाणं, मग सुई. नीट खाल्लं नाही तर डॉक्टरला विचारल्याशिवाय टोचायचं नाही. म्हणजे सकाळी सात आणि संध्याकाळी सात, आणि आपला विकायचा वेळ नेमका तोच. कुत्र्यांचे फिरायचे तास तेच, मांजरांच्या जेवणाचे तेच. वाघोलीच्या एका फेरीत कोथरूडच्या दोन व्हिजिट जातात, म्हणजे 740. वाघोलीच्या 800 मधून गाडीचे 200 गेले की उरतात 600. एरवी रिकामा वेळ असतो तेव्हा 800 ठीक, पण दिवाळीत वही भरलेली असताना 950 च्या खाली ते परवडत नाही.

म्हणून मुक्काम सुचवावा असं वाटतंय. रात्रीचे आपण 1,200 घेतो, त्यात एका फेरीचे 400 घातले की 1,600. एरवीच्या 800 ने दोन व्हिजिटचेही तेवढेच होतात, पण रस्ता निम्मा होतो, सुई वेळेवर आणि चिंगीला रात्री सोबत. काकूंना हे पटेल. मुलगा मात्र म्हणेल, "वायफाय आहे, एसी आहे, वर पैसे कशाला?"

दर सांगताना एकच आकडा सांगायचा, फोड आपल्या वहीत. पेट्रोल वेगळं लिहिलं की मागच्या वेळच्या त्या काकांसारखे लोक गाडीचं अॅव्हरेज विचारतात आणि इलेक्ट्रिक घ्यायचा सल्ला देतात, फुकट! ओळखभेट आणि किल्ली घ्यायला जाणं हीदेखील फेरीच आहे. तिचे 300 आधी घ्यायचे, बुकिंग झालं की वळते करायचे. किल्ली शेवटच्या दिवशी शेजारी ठेवायची, परत द्यायला वेगळं जायचं नाही. आणि खराडीतलं दुसरं काम मिळालं तरी "तू तिकडे येतेसच ना" ला बळी पडायचं नाही. दोन्ही घरांना पूर्ण दर सांगायचा, दोन्ही पक्की झाली की मगच सूट. एक रद्द झालं तर सूट दिलेलं दुसरं आपल्याच गळ्यात पडतं.

हे सगळं मला येतं गं, पण काकूंसमोर 1,600 तोंडातून निघत नाही. घरचीच असल्याचा दर किती धरायचा? माझ्या मते मुक्कामाच्या 1,200 मधले 200 सोडावेत, प्रवासाच्या 400 मधला एक रुपयाही नाही. तुझं काय मत?

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? नाशिकचं नवं घर लागलं? बंड्याला दहावीसाठी शुभेच्छा, आणि त्याला म्हणावं मोबाइल ठेव.

शनिवारी काकूंना उत्तर द्यायचंय, त्याआधी फोन कर. आणि टोचताना मांजर मानेवर शांत राहते की कुशीवर, ते सांग. तुझ्या सोन्याला तू वर्षभर इन्सुलिन देत होतीस. इन्सुलिन 40 चं (एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट) असलं तर सिरिंजही 40 चीच हवी, हे लक्षात आहे. कुठली ब्रँड सोपी जाते तेवढं कळव.

तुझी,
शुभा