आयुक्त साहेब, तुमच्या कोपनहेगनमध्ये माझं मनगट मोडलं

मा. आयुक्त साहेब,
स. न. वि. वि.

डाव्या हाताने मोबाईलवर लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी. उजवा प्लास्टरमध्ये आहे. गेल्या मंगळवारी बाजार रस्त्याच्या नव्या 'आदर्श पदपथा'वर, उखडून नेलेल्या लोखंडी खांबाच्या खड्ड्यात पाय गेला. वय 67. घरी हिला मणक्याचा त्रास, त्यामुळे दळण, भाजी, सिलिंडर सगळं माझ्याकडे. सध्या शर्टाची बटणं शेजारचा पोरगा लावून देतो. नववीत आहे, हसतो.

उद्घाटनाला आपण म्हणाला होतात, "दोन वर्षांत हा रस्ता कोपनहेगनसारखा होईल." मी टाळ्या वाजवल्या. तेव्हा दोन्ही हात धड होते.

घरी बसून दुसरं काय करणार, वाचत बसलो. साहेब, डेन्मार्कच्या या कोपनहेगनने स्ट्रॉयट हा बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद केला 1962 मध्ये, तोही आधी प्रयोग म्हणून. तिथलेही लोक कुरकुरले की रस्त्यात रेंगाळणं हे इटलीवाल्यांचं काम, आपल्या थंडीत कोण बसणार! मग यान गेल नावाचा आर्किटेक्ट वही घेऊन माणसं मोजू लागला: कोण कुठे थांबतो, कुठे टेकतो. आपल्या रस्त्यावर कुणी मोजलं? मी मोजलं, पडायच्या आधी. 38 खांब, त्यातले 11 गायब, बाक 2, दोन्हींवर भंगारातल्या स्कूटर. एखादा इकडे तिकडे असेल, येऊन मोजा.

हॉलंडमध्ये 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांची हत्या थांबवा' म्हणाले. तिथल्या लाल सायकलवाटांमागे हे आहे. आपल्याकडे त्यातला फक्त रंग आला. लाल. पहिल्या पावसात गेला.

नक्कल करू नका, असं मी म्हणत नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने 1974 मध्ये बसला वेगळी मार्गिका दिली. कोलंबियातल्या बोगोताने 2000 मध्ये ती कल्पना उचलली, पण स्वतःची गर्दी पाहून मागची बस पुढे काढायला जादा मार्गिका जोडली. याला डोकं लागतं. पुण्यात 2006 मध्ये अशीच बसची वेगळी मार्गिका, म्हणजे बीआरटी, आली आणि नगर रस्त्यावर तर पुढे उखडलीही. आपण नकाशा आणतो, फोटो आणतो, दौऱ्याचा भत्ता आणतो. फक्त भाजीवाली कुठे बसणार आणि चेंबरचं झाकण कुठे येणार, हे कुणी विचारत नाही.

परदेशीच हवा असेल तर पॅट्रिक गेडिस घ्या. शंभर वर्षांपूर्वी हा स्कॉटिश नगररचनाकार इंदूरच्या गल्ल्या पायी तुडवत फिरला आणि सांगत राहिला की सरसकट पाडू नका, जपून कापा. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात प्राध्यापकही झाला. आमच्या रस्त्याचा सल्लागार मला एकदाच दिसला, गाडीच्या काचेआड.

खर्चाचा आकडा लिहिणार होतो. कोटींत होता, पण त्या फलकावर आता कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. वॉर्ड ऑफिस म्हणतं ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो मुदत संपली. नगरसेवकांचं तर विचारूच नका, त्यांचा भाऊ पेव्हर ब्लॉक पुरवतो असं लोक म्हणतात. खरं खोटं त्यांनाच ठाऊक. घरपट्टीची नोटीस मात्र न चुकता येते.

मागण्या पाच होत्या, अंगठा दुखतोय म्हणून एकच लिहितो. तो खड्डा बुजवा. तोवर आम्ही त्यात कडुलिंबाची फांदी रोवली आहे. तुमची माणसं अतिक्रमण म्हणून ती तेवढी उचलून नेऊ नयेत.

आपला,
एक करदाता, डावखुरा (तात्पुरता)