लेखकाला मदत हवी ती हस्तलिखितापाशी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवोदित लेखकांना पुस्तक लिहायला, छापायला आणि वाचकांपर्यंत न्यायला मदत करणाऱ्या सेवांविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. हा विषय घेतलात हे फार चांगलं केलंत. लिहिणारी माणसं वाढली आहेत, छपाई आवाक्यात आली आहे आणि मदत करू म्हणणारेही पुष्कळ आहेत. मात्र लेखाची सुरुवात मुखपृष्ठापासून झाली आणि शेवट जाहिरातीवर. हस्तलिखिताचं काय करायचं, यावर जेमतेम दोन ओळी. इतरांची हस्तलिखितं वाचून, त्यांवर काम करून देणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे, म्हणून राहवलं नाही. लेखकाला खरी गरज असते ती मजकुरावरच्या मदतीची, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक सेवा विकतात ती मजकूर ‘झाला’ असं गृहीत धरून पुढची मदत.

अशा सेवेचं माहितीपत्रक उघडून बघा. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक, इतक्या प्रती, ई-पुस्तक, प्रकाशन समारंभ, समाजमाध्यमांवर प्रसिद्धी. यादीत कुठेतरी ‘संपादन’ हा शब्दही असतो. तो उलगडायला सांगितला की कळतं, ऱ्हस्व-दीर्घ तपासून देणार. ते मुद्रितशोधन झालं. मुद्रितशोधन हे कष्टाचं आणि मानाचं काम आहे, पण ते सगळ्यात शेवटी येतं. त्याच्या आधी कुणीतरी अख्खं पुस्तक वाचून लेखकासमोर बसायला हवं आणि सांगायला हवं की तुमची गोष्ट चाळिसाव्या पानावर सुरू होते, आधीची पानं तुम्हाला लिहिताना लागली, वाचकाला लागणार नाहीत.

मध्यंतरी एका निवृत्त शिक्षिकेचं आठवणींचं पुस्तक हातात आलं. छापून झालेलं, गुळगुळीत कागद, देखणं मुखपृष्ठ. त्यांनी आयुष्यभराच्या साठवणीतले पैसे एका सेवेला देऊन ते काढलं होतं. आत पहिली तीन प्रकरणं वंशावळीची. धाकट्या बहिणीचं नाव दोन ठिकाणी वेगळं. एकच प्रसंग दोनदा, दुसऱ्यांदा निराळ्या साली. आणि या सगळ्याच्या खाली, नवव्या प्रकरणात, पहिल्यांदा वर्गावर उभं राहताना वाटलेल्या भीतीची अशी पानं, की मी ती परत परत वाचली. त्या पानांपाशी पोचण्याआधीच बहुतेकांनी पुस्तक मिटलं असणार. सेवेने करारात लिहिलेलं सगळं केलं होतं, एकाही कलमात ती कमी पडली नव्हती. नववं प्रकरण पहिलं करा, एवढं सांगणारं माणूस मात्र त्या करारात नव्हतं.

संपादन म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एका वाक्यावर दाखवते. समजा हस्तलिखितात असं आलं: ‘तिने पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं आणि तिला खूप अस्वस्थ वाटू लागलं.’ घडी घालून पुन्हा उघडण्यात अस्वस्थता आलेलीच आहे. शेवटचे सहा शब्द काढले की वाक्य उभं राहतं. पण ते मी परस्पर काढत नाही. समासात लिहिते, ‘हे वाचकाला आधीच कळलं आहे का?’ काढायचे की ठेवायचे, हे लेखक ठरवतो. वीसेक पानांनंतर तो स्वतःच अशी वाक्यं हेरायला लागतो, आणि पुढचं पुस्तक त्याच्या हातून वेगळं उतरतं. मदत म्हणायची ती याला. शुद्धलेखन तपासणारी संगणकप्रणाली या वाक्यात काहीही दोष दाखवणार नाही, कारण व्याकरणात दोष नाहीच.

मोठ्या लेखकांना याची गरज नसते असा एक समज आहे. टॉमस वुल्फ या अमेरिकन कादंबरीकाराचं पहिलं हस्तलिखित अवाढव्य होतं. मॅक्सवेल पर्किन्स या संपादकाने त्याच्यासोबत बसून ते कापलं, जुळवलं, आणि 1929 मध्ये ती कादंबरी आली. फिट्झजेराल्ड आणि हेमिंग्वे या नामवंत अमेरिकन लेखकांचाही संपादक तोच होता.

स्वखर्चाने पुस्तक काढण्याला माझा विरोध नाही, हे इथेच स्पष्ट करते. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच लेखकाच्या महाकादंबरीचा पहिला खंड अनेक प्रकाशकांनी नाकारला आणि 1913 मध्ये तो त्याने पदरचे पैसे घालून छापून घेतला. व्हर्जिनिया आणि लिओनार्ड वुल्फ या इंग्रज लेखक दांपत्याने 1917 मध्ये घरातच हातछपाईचं यंत्र मांडून होगार्थ प्रेस ही प्रकाशनसंस्था सुरू केली. स्वतःचे पैसे घालण्यात कमीपणा कसला? प्रश्न एवढाच की पैसे घालणाऱ्याला आपण काय विकत घेतोय हे कळलं पाहिजे. प्रकाशक स्वतःचे पैसे गुंतवतो आणि वाचकांकडून वसूल करतो. पुस्तक खपलं नाही तर तो बुडतो, म्हणून ते चांगलं व्हावं याची त्याला निकड असते. सेवा देणाऱ्याला पैसे लेखकाकडूनच मिळतात आणि पहिली प्रत विकली जाण्याआधीच त्याचा हिशेब पूर्ण झालेला असतो. दोन्ही धंदे सचोटीने करता येतात. मात्र दुसऱ्याने पहिल्याचं नाव लावलं की लेखक फसतो. ‘आपलं हस्तलिखित आमच्या निवड समितीने स्वीकारलं आहे’ असं अभिनंदनाचं पत्र येतं आणि सोबत दरपत्रक असतं. त्या पत्राने हरखलेली माणसं मी पाहिली आहेत. वर्षानुवर्षं एकट्याने लिहिलेल्या माणसाला कुणीतरी ‘स्वीकारलं’ म्हणावं याची भूक किती असते, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच त्या पत्राचा मला राग येतो.

आयएसबीएनचंही तसंच. तो मिळाला की पुस्तकाचे हक्क सुरक्षित झाले, असं अनेक लेखक मानतात आणि सेवा देणारे तो समज दुरुस्त करत नाहीत. आयएसबीएन हा ओळखक्रमांक आहे. 2007 पासून तो 13 अंकी झाला, त्याआधी 10 अंकी होता. त्यातला एक भाग प्रकाशक कोण ते सांगतो, शेवटचा अंक आधीचे अंक बरोबर आहेत ना, हे पडताळण्यासाठी असतो. हक्कांशी त्याचा काडीचा संबंध नाही. लेखनाचा हक्क मजकूर लिहिला गेला त्या क्षणीच लेखकाचा होतो. लेखकांच्या हक्कांविषयीच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराला बांधलेल्या देशांमध्ये त्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. उलट सेवेने स्वतःच्या नावावरचा क्रमांक तुमच्या पुस्तकाला लावला, तर जगभरच्या नोंदींत त्या पुस्तकाची प्रकाशक ती सेवा ठरते. पुढे तुम्ही तिला सोडून नवी आवृत्ती काढली, तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. पैसे देण्याआधी क्रमांक कुणाच्या नावावर असेल एवढं विचारलं, तरी समोरच्याची नियत बरीचशी कळते.

करारातली एक ओळ तर मी लेखकांना मोठ्याने वाचायला लावते: ‘सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील हक्क, स्वामित्वहक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी.’ बर्न करारानुसार ही मुदत कमीत कमी लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतरची 50 वर्षं एवढी असते, काही देशांत आणखी जास्त. म्हणजे दोनशे प्रती छापून देणाऱ्याला तुम्ही नातवंडांच्या काळापर्यंतचे अनुवादाचे, श्राव्य पुस्तकाचे, चित्रपटाचे हक्क लिहून देता. ज्या रूपात तो पुस्तक खरोखर काढणार आहे, तेवढ्याच रूपाचे, ठरावीक वर्षांचे हक्क द्यावेत आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं की ते आपोआप परत यावेत, असं कलम मागून घ्यावं. रॉयल्टीतही टक्का बघतात, पण टक्का कशाचा ते बघत नाहीत. छापील किंमत 100 धरली आणि वितरक-विक्रेत्यांची सूट 40 असली, तर 10 टक्के छापील किमतीवर 10 होतात आणि प्रकाशकाच्या हातात आलेल्या रकमेवर 6. शिवाय मांडणीच्या मूळ फायली युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरप्रणालीत मागाव्यात. जुन्या फाँटमध्ये जुळवलेला देवनागरी मजकूर ई-पुस्तकात नेताना जोडाक्षरांचा चुराडा होतो आणि सगळं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं.

आता प्रसिद्धी. या बाबतीत लेखकांची सर्वांत जास्त दमछाक होते आणि पैसाही इथेच सर्वांत जास्त वाहून जातो. विकत घेतलेले अभिप्राय वाचकाला दोन ओळींत ओळखू येतात, आणि एकदा ते ओळखू आले की खऱ्या अभिप्रायांवरचाही विश्वास उडतो. समारंभाला आलेली माणसं लेखकावरच्या प्रेमापोटी येतात, त्यांनी घेतलेल्या प्रती तेवढ्यावरच थांबतात. पुस्तक पुढे सरकतं ते एका अनोळखी वाचकाने दुसऱ्याला ‘हे वाच’ म्हटल्यावर. ते म्हणायला लावणारी गोष्ट पानांत असते, म्हणून मी फिरून हस्तलिखितापाशीच येते. तरीही प्रसिद्धीत शिकवण्याजोगं पुष्कळ आहे. मलपृष्ठावरचा मजकूर लेखकाला स्वतःला नीट लिहिता आला पाहिजे. ‘हृदयस्पर्शी’ आणि ‘वाचनीय’ हे शब्द वगळून, पुस्तकात कोण आहे आणि त्याच्यापुढे काय पेच आहे, हे शंभरेक शब्दांत सांगायचं. ते जमत नसेल तर बहुतेक वेळा पुस्तकातच काहीतरी अजून ठरलेलं नसतं. परीक्षणाच्या प्रती पुस्तक बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी, त्या विषयाची गोडी असलेल्या मोजक्या वाचकांना पाठवाव्यात. घाऊक वाटू नयेत. विक्रीच्या पानावर नमुना म्हणून पहिली काही पानं वाचायला मिळतात, तिथे प्रस्तावना आणि ऋणनिर्देशच भरलेले असतील तर तो वाचक गेलाच. ऋणनिर्देश शेवटी न्या, असं सांगणाऱ्याला मी चांगला प्रसिद्धी-सल्लागार म्हणेन.

आपल्या वृत्तपत्राकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पुस्तक परीक्षणाच्या चौकटीत लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत आपण छापता. पुस्तकात संपादकाचं आणि मुद्रितशोधकाचं नाव दिलेलं असेल तर तेही तिथे छापा. ती जागा रिकामी दिसू लागली की लेखक आपणहून विचारतील, माझ्या पुस्तकाचा संपादक कोण? दुसरं, लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तकं काढणाऱ्यांच्या जाहिराती जरूर छापा, पण ‘हस्तलिखितं मागवत आहोत’ एवढ्यावर त्यांना सोडू नका. खर्च कोण करणार, हे जाहिरातीत स्पष्ट लिहायला लावा. आणि पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धं पान द्या. लेखकाच्या परवानगीने त्याच्या हस्तलिखिताचं एक पान, समासातल्या खुणांसकट, आणि शेजारी तेच पान काम झाल्यानंतरचं. पहिल्या काही पानांसाठी लागणारं काम मी विनामूल्य करून देईन.

आपली नम्र,
एक हस्तलिखित-संपादक