वेब-मासिकातील लेखाचा संदर्भ गाळू नये, पुरा लिहावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. विद्यार्थ्यांचे प्रकल्प बांधणीला जाण्याआधी त्यांच्या संदर्भसूची बहुधा माझ्या टेबलावर येतात. गेल्या वर्षी कातळशिल्पांवर, म्हणजे कोकणातल्या सड्यांवर (उघड्या खडकाळ पठारांवर) कोरलेल्या चित्रांवर, प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीची सूची मी दोनदा पाहिली. पहिल्या खेपेस तीत मराठी वेब-मासिकांतील सात लेख होते, दुसऱ्या खेपेस एकही नव्हता. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, सरांनी सांगितलं, नेटवरचं काही दाखवू नकोस, परीक्षकांना चालत नाही." सूचीतून लेख गेले होते; त्यांतली माहिती मात्र, दोन ठिकाणी तर अख्खी वाक्ये, प्रकरणांत जागच्या जागी होती.

त्या मुलीचा हेतू वाईट नव्हता आणि तिच्या मार्गदर्शकांचाही नव्हता, हे मी खात्रीने सांगते. पण जे घडले त्याला वाङ्मयचौर्य याखेरीज दुसरा शब्द नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रबंधाचे इतर मजकुराशी असलेले साम्य मोजले जाते; १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानतात, त्यापुढे मात्र कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. याच विनियमांत असेही म्हटले आहे की, रीतसर श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळावा. म्हणजे जो संदर्भ विद्यार्थ्याला संरक्षण देतो, तोच आपण 'चालत नाही' म्हणून त्याच्या हातून पुसून घेतो.

वेबवरचे मासिक ही संशोधन-पत्रिका नव्हे, तिथले लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतलेले असतातच असे नाही, ही शंका रास्त आहे. पण त्यावरचा उपाय लेखाचे वजन किती हे प्रबंधात उघडपणे लिहिणे हा आहे, लेख लपवणे हा नाही. कोकणच्या बाबतीत तर हे विशेष लागू पडते. सड्यावरच्या जांभ्यात कोरलेली चित्रे असोत, खाडीतल्या मासेमारीच्या रीती असोत किंवा गावऱ्हाटीचे (गावच्या परंपरागत देवस्थान-व्यवस्थेचे) मानपान असोत, यांवरची पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि प्रत्यक्ष गावोगाव हिंडलेल्या माणसांचे लिखाण मात्र दिवाळी अंकांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि आता वेब-मासिकांत विखुरलेले. ते वगळून आमच्या मुलांनी कोकणावर लिहायचे कशाच्या आधारे?

संदर्भ द्यायचा तर तो पुरा द्यावा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक सूचींत नुसती लिंक चिकटवलेली असते, आणि कधी कधी तर फक्त 'गुगल' एवढेच लिहिलेले असते. गुगल हा लेखापर्यंत जाण्याचा रस्ता आहे, लेखक नव्हे. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, मासिकाचे नाव, प्रसिद्धीची पूर्ण तारीख, दुवा आणि आपण तो लेख पाहिला ती तारीख, इतके असले म्हणजे नोंद पुरी झाली. संदर्भ लिहिण्याच्या एपीए आणि एमएलए या दोन रूढ पद्धती आहेत; एपीएत लेखकानंतर लगेच वर्ष येते, एमएलएत तारीख मासिकाच्या नावानंतर येते. विभागाने यांपैकी एक पद्धत ठरवावी आणि ती शेवटपर्यंत पाळावी. पाहिल्याची तारीख या दोन्ही पद्धती प्रत्येक वेळी मागत नाहीत, तरी मराठी संकेतस्थळांची अवस्था पाहता ती नेहमीच द्यावी, असे माझे मत आहे. इंग्रजीत मासिकाचे नाव तिरक्या अक्षरांत छापतात; देवनागरीला तो तिरकेपणा मानवत नाही, तिथे ठळक टाइप वापरावा.

प्रसिद्धीच्या तारखेबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण सर्वांत जास्त गाळली जाते ती हीच. कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या, म्हणजे उमेदवार स्थळांच्या, यादीत समावेश झाला तो २०२२ मध्ये. आधीच्या लेखांत ती मागणी म्हणून येते, नंतरच्या लेखांत घडलेली गोष्ट म्हणून. तारखा न पाहता दोन्ही लेख वाचणारा विद्यार्थी 'जागतिक वारसा दर्जा मिळाला' असे लिहून मोकळा होतो, आणि तो दर्जा तर अजून मिळालेला नाही. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांना तो जुलै २०२५ मध्ये मिळाला, त्यामुळे त्याआधीचा लेख आजचा समजून वाचला तर चूक नेमकी उलट दिशेने होते.

नुसत्या लिंकवर विसंबणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२४च्या पाहणीनुसार २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. शीर्षक देवनागरीत असलेली लिंक कॉपी केली की तिच्यातल्या एकेका अक्षराच्या जागी टक्क्याची चिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे मिळून नऊ चिन्हे उमटतात. 'को'मधली ओकाराची खूणही वेगळी मोजली जात असल्याने साध्या 'कोकण' शब्दाची अशी छत्तीस होतात. ती ओळ छापताना कुठेतरी तुटते आणि मग दुवा उघडत नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय पद्धत येण्याआधीचे कितीतरी मराठी लेख तर तो विशिष्ट फाँट संगणकावर नसला की वाचताच येत नाहीत. म्हणून मी मुलांना सांगते की, लेख वाचला त्याच दिवशी त्याची पीडीएफ प्रत करून ठेवा आणि वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते पान जतन करून तो दुवाही नोंदीत द्या. वेबवरच्या लेखाला पान क्रमांक नसतो, तेव्हा एपीए पद्धतीत अवतरणाशेजारी परिच्छेद मोजून त्याचा क्रमांक लिहावा. छापील अंकाचे पान दुसऱ्याच्या सूचीतून उचलून आपल्या नावावर घालू नये. जे डोळ्यांनी पाहिले तेच नोंदवावे.

आता आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्रे आणि मासिके चालवणाऱ्यांकडे, एक मागणे आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी काढलेल्या 'दर्पण'च्या पहिल्या अंकाचा संदर्भ आजही तारखेसह देता येतो. वेबवरच्या मराठी लेखाखाली मात्र पुष्कळदा लेखकाच्या जागी 'ऑनलाइन टीम' असते आणि तारखेच्या जागी फक्त शेवटच्या फेरबदलाची वेळ. कृपया लेखाच्या माथ्यावर लेखकाचे नाव आणि पहिल्या प्रसिद्धीची तारीख कायम ठेवावी, मागाहून मजकूर बदलला तर काय आणि केव्हा बदलले ते तळाशी नोंदवावे, आणि संकेतस्थळाची नवी रचना करताना जुने दुवे नव्या पत्त्यांकडे वळवावेत.

त्या विद्यार्थिनीचे सातही लेख आम्ही दोघींनी बसून सूचीत परत घातले. त्यांपैकी दोन लेखांचे लेखक आणि एकाची तारीख आम्हाला शेवटपर्यंत सापडली नाही.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, जि. रत्नागिरी