ग्रानादाच्या पाटांबद्दल नानांना

ग्रानादा, स्पेन
मे महिना

तीर्थरूप नाना आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन आला तेव्हा मी अल्हम्ब्राच्या दाराशी रांगेत उभी होते. तिथे आत जायची वेळ तिकिटावर ठरलेली असते, ती चुकवून चालत नाही, म्हणून बोलणं आटोपतं घेतलं. नानांना जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतंच.

नाना, हा राजवाडा टेकडीवर आहे आणि दारो नदी खाली खोल दरीत. एवढ्या उंचीवर माणसं, घोडे, बागा आणि हमाम (स्नानगृहं) यांना पाणी पुरवायचं कसं? १२३८ साली नसरी घराण्याचा पहिला सुलतान मुहम्मद ग्रानादात आला, त्याने टेकडीवर बांधकाम काढलं आणि त्याच्याच काळात पाटाचं कामही झालं. सहा-एक किलोमीटर वर दारोला बंधारा घातला आणि तिथून डोंगराच्या कडेकडेने, जेमतेम उतार ठेवून पाट आणला. नदी भराभर खाली उतरते, पाट सावकाश उतरतो, म्हणून शहराशी येईपर्यंत तो नदीच्या कितीतरी वर असतो. त्या काळात ही पातळी इतकी अचूक धरली होती! तुमचं आयुष्य पाटावर गेलं, त्यातलं कसब तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

हा पाट आधी हेनेरालीफे नावाच्या उन्हाळी वाड्यात येतो. तिथे त्यांनी तो झाकला नाही, उलट अंगणाच्या मधोमध नेला आणि दोन्ही बाजूंना फुलझाडं लावली. शेताला पाणी देणारा पाट तोच, बागेची शोभाही तोच. (फोटोत दिसतात ती दोन्हीकडून उडणारी कारंजी पुष्कळ नंतरची.) वरच्या अंगाला एक जिना आहे, त्याच्या कठड्यांतूनच पन्हळी काढल्या आहेत. कठड्यावर हात ठेवला की गार पाणी बोटांना लागतं. दुपारच्या उन्हात तिथून माझा पाय निघेना.

मुख्य राजवाड्यात कोमारेसचा लांबलचक हौद आहे. त्यात पाणी थेट सोडत नाहीत. आधी लहान गोल कुंडात, मग अरुंद पन्हळीतून, असा त्याचा जोर मोडून ते आत घेतात, म्हणजे हौदाचा पृष्ठभाग हलत नाही आणि समोरचा बुरूज त्यात जसाच्या तसा दिसतो. पुढे सिंहांचा चौक. संगमरवराचे बारा सिंह, भोवती १२४ खांब. हा चौक पाचव्या मुहम्मदाच्या काळातला, म्हणजे चौदाव्या शतकातला. सिंहांच्या पाठीवरच्या कुंडाच्या काठावर त्याच्या दरबारातल्या इब्न जमरक या कवीच्या ओळी कोरल्या आहेत. पाणी आणि संगमरवर असे एकजीव झालेत की दोघांपैकी वाहतंय कोण ते कळत नाही, अशा अर्थाच्या. पाणी कुठून येतं, कुठे जातं याचं वर्णन दगडावर कोरून ठेवणारे राज्यकर्ते मला फार मोठे वाटले.

२ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर कॅथलिक राजाराणीच्या हवाली केलं. तहात मुसलमानांना धर्म पाळू देण्याचं वचन होतं. दहा वर्षंही ते टिकलं नाही. सक्तीचे बाप्तिस्मे झाले, कार्डिनल सिस्नेरोसने अरबी ग्रंथांची होळी केली, वैद्यकाचे तेवढे वाचले. पुढे बंड झालं, ते मोडलं आणि बाटलेल्यांच्या वंशजांनाही आधी ग्रानादातून, मग १६०९ पासून साऱ्या स्पेनमधून हाकललं. इथे फिरताना हे विसरता येत नाही आणि विसरूही नये. पुढे स्पेनचा राजा पाचवा कार्लोस याने अल्हम्ब्रात आपला दगडी महाल बांधायला घेतला. बाहेरून चौकोनी, आत गोल अंगण. भव्य आहे, पण अंगणात पाणी नाही. मला तो कोरडाच वाटला.

समोरच्या टेकडीवर आल्बायसिन ही जुनी वस्ती. चढाच्या अरुंद गल्ल्या, पांढरी घरं आणि जागोजागी विटांच्या कमानीमागे जमिनीखालच्या टाक्या. मशिदींची चर्चेस झाली, तरी त्यांच्या शेजारच्या टाक्यांवर लोक शतकानुशतकं पाणी भरत राहिले. त्यांना पाणी पुरवणारा आयनादामारचा पाट अल्फाकारच्या झऱ्यापासून निघायचा. त्याच परिसरात १९३६ च्या ऑगस्टमध्ये कवी लोर्काला गोळ्या घातल्या.

पण नाना, खरी गोष्ट शहरामागच्या डोंगरात आहे. सिएरा नेवादावर मे महिन्यातही बर्फ आहे. ते वितळू लागलं की त्याच्या दक्षिण उतारावरच्या आल्पुहारा भागातले गावकरी उंचावरच्या मातीच्या पाटांतून पाणी आडवं नेतात आणि ठरलेल्या जागी डोंगरावर सोडून देतात. ते मुरतं, खडकातून सावकाश झिरपतं आणि भर उन्हाळ्यात, ऐन टंचाईत, खालच्या झऱ्यांना फुटतं. म्हणजे आपलं ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’, मुस्लिम राजवटीच्या काळापासून चालत आलेलं. तुम्ही पाटबंधारे खात्यात सतत गळती कमी करण्याच्या मागे असायचात. इथे गळती हाच पाटाचा हेतू! सिमेंटचं अस्तर घातलं किंवा पाइप टाकला की खालचे झरे कमी होतात. गावं ओस पडत गेली तसे बरेच पाट बुजले. आता ग्रानादा विद्यापीठातली पुरातत्त्वाची मंडळी गावकऱ्यांबरोबर फावडी घेऊन ते मोकळे करताहेत.

मी आपल्या पांझरा नदीवरच्या फडांबद्दल, म्हणजे एका पाटावर मिळून भिजवायच्या शेतांच्या पट्ट्यांबद्दल, सांगितलं तर इथले एक म्हातारे गृहस्थ नीट सरसावून बसले. गावाने मिळून पाट उकरायचा, पाळी पाटकऱ्याने ठरवायची, त्याला धान्य गावाने द्यायचं, हे ऐकून त्यांनी दोनदा विचारलं, “अजून चालतं?” काही ठिकाणी चालतं, असं मी म्हटलं. दुष्काळात फड कमी करून उरलेल्यांत सगळ्यांना वाटा कसा देतात, हे मला नीट सांगता आलं नाही. ते तुम्ही सविस्तर लिहा. मी त्यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये उतरवून देईन. जमलं तर साक्रीकडच्या एखाद्या जुन्या बंधाऱ्याचे फोटोही पाठवा, पाटाचं तोंड दिसेल असे.

आई, इथे वांग्याचे तळलेले काप देतात आणि त्यावर चक्क काकवी घालतात. ऊसही अरबांनीच इकडे रुजवला. तुला नक्की आवडेल, करून बघ. वांगं पातळ कापायचं आणि पीठ हलकं लावायचं.

नानांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. डॉक्टरांकडे जायचं पुढे ढकलू नका.

तुमची,
मनू